चांदवाली पिलं

हॅचरीतून बायकांना काढणार अशी कुणकुण थंडीपासूनच होती, पण चिमटीनं ती कानाआड केली होती. एकोणीस वर्षं ती तिथं पिलं निवडत होती. एक दिवसाचं पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, अंगठ्यानं पोट हलकंच दाबून शिट काढायची, मग शेपटीखालची जागा दोन बोटांनी उलगडून दिव्याखाली बघायची. आत टाचणीच्या टोकाएवढा दाणा दिसला तर नर, नाही दिसला तर मादी. मादी उजवीकडच्या ट्रेमध्ये, नर डावीकडच्या पिंपात. तासाला हजार पिलं तिच्या हाताखालून जायची. बाकीच्या बायकांची शंभरात पाच-सहा चुकायची, हिची दोन. पिंप भरलं की मागच्या दारचा माणूस ते ओढत न्यायचा. पुढं त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे.

कागदोपत्री तिला चांगलं चार अक्षरी नाव होतं. पण पिल्लू उचलायची ती चिमटीत आणि अंगानंही काडीसारखी, म्हणून हॅचरीत कुणीतरी चिमटी म्हटलं आणि गावानं तेच उचललं. सासूसुद्धा रागावली की तेच म्हणायची.

उन्हं तापायला लागली तसं एके सकाळी मुकादमानं सगळ्या बायकांना टेबलाभोवती उभं केलं. टेबलावर नव्या जातीची पिलं आणून ओतली होती. काही तांबूस, काही पिवळट पांढरी. मुकादमानं अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली.

"बाबा, झाडू ठेवा. तांबडी पिलं इकडं टाका, पांढरी तिकडं."

म्हाताऱ्यानं हात पुसले आणि गंमत वाटल्यासारखा हसत शंभर पिलं वेगळी केली.

"चिमटीबाई, तुम्ही तपासा बरं."

तिनं दोन्हीकडची दहा-दहा उचलली, दाबून, उलगडून बघितली. तांबडी सगळी माद्या, पांढरी सगळी नर. एकही चूक नव्हती.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.

"बघा की. रंगच सांगतो आता." मुकादम तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली. "वरून हुकूम आहे बाई. मी काय करणार?"

निघताना त्यानं मागची शेड दाखवली. जुन्या जातीच्या काही पट्टेरी कोंबड्या तिथं उरल्या होत्या, त्या मोडीत जाणार होत्या. "न्यायच्या तर न्या घरी. कालवणाला होतील." चिमटीनं सहा धडधाकट बघून घेतल्या, टोपलीत घालून वर पोतं बांधलं आणि टोपली डोक्यावर घेऊन भर उन्हात घर गाठलं.

घर गावाच्या कडेला होतं. पुढच्या ओसरीत नवरा विहिरीवरच्या मोटारी उघडून तांब्याची तार नव्यानं भरायचा. त्याला सगळे वायरमन म्हणत, जरी तो खांबावर कधी चढला नव्हता. मागच्या परसात सासूचं राज्य होतं, आणि त्या राज्यात चार आभाळ्या होत्या.

आभाळ्या म्हणजे सासूच्या कोंबड्या. काळ्याभोर, लहानखुऱ्या, भारी चपळ. सासू लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं पदराखाली अंडी घालून पाठवली होती, त्यांची ही पोरं-नातवंडं. अंडं फिकट निळं द्यायच्या, सकाळच्या आभाळासारखं, म्हणून आभाळ्या. पण वर्षाकाठी द्यायच्या किती, तर जेमतेम पन्नास-साठ. तीन कोंबड्या आणि एक कोंबडा एवढंच बियाणं आता उरलं होतं.

पट्टेरी कोंबड्या बघून सासूनं कपाळाला आठ्या घातल्या.

"मशीनच्या ना ह्या? ह्यांना अंड्यावर बसायचं कळत नाही, पिलाला हाक मारायची कळत नाही. माझ्यात मिसळू नकोस."

"नाही मिसळत, आई. पलीकडं जाळी लावून ठेवते."

जाळी लावली. पण आभाळ्या कोंबड्याला कुणाचं ऐकायची सवय नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जाळीच्या पलीकडे, पंख पसरून एका पट्टेरीभोवती गिरक्या घेत होता.

"मेला," सासू म्हणाली, "नवे कपडे दिसले की ह्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही." आणि वळून तिनं स्वतःच्या मुलाकडे असं बघितलं की वायरमननं मुकाट्यानं तार गुंडाळायला घेतली.

चिमटीला रिकामं बसवत नव्हतं. हात आपोआप हलायचे, जेवतानासुद्धा अंगठा कशावर तरी दाबल्यासारखा व्हायचा. पट्टेरी कोंबड्यांची तपकिरी अंडी साठली तसं ती नवऱ्याला म्हणाली, "एक उबवणी पेटी करून द्या मला."

त्यानं बंद पडलेला एक जुना फ्रिज शोधून आणला. आत दोन बल्ब, गरमी वाढली की बंद करणारं बटण, खाली पाण्याचं ताट. चार दिवस तो पेटीपुढं उकिडवा बसून थर्मामीटर वाचत होता. चाळीस अंडी मांडली. चिमटी दिवसातून तीनदा ती हातानं उलटायची. सातव्या दिवशी एकेक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरून बघितलं. तेहतीस अंड्यांत लाल शिरांचं जाळं धरलं होतं. एकविसाव्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला आतून टोच पडली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एकतीस पिलं पेटीत चिवचिवत होती. सगळी काळी.

ओसरीत चटई टाकून तिनं दोन टोपल्या घेतल्या आणि सवयीनं निवडायला बसली. दाबायचं, उलगडायचं, बघायचं. डोळ्यांना पूर्वीसारखं दिसत नव्हतं आणि उजवा अंगठा गेली दोन वर्षं सांध्यात दुखायचा, तरी काम थांबत नव्हतं. वायरमन शेजारी मोटारीचं झाकण पुसत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

"अगं, डावीकडं टाकलेल्यांना सगळ्यांना चांद आहे."

"कसला चांद?"

"डोक्यावर. पांढरा ठिपका. बघ की. उजवीकडच्या एकीलाही नाही."

तिनं वाकून बघितलं. डावीकडच्या टोपलीत सोळा डोकी, सोळा पांढरे ठिपके. उजवीकडं पंधरा, कोळशासारखी काळी. तिनं सगळी पिलं पुन्हा एकत्र केली, डोळे मिटून हातानं चाळवली आणि या वेळी फक्त ठिपके बघून वेगळी केली. मग बोटांनी तपासली. एकही चूक नव्हती.

वायरमनला वाटलं ती हरखेल. तिनं एक चांदवालं उचलून त्याच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "झाडूवाल्या बाबांनाही जमेल हे."

"मग बरंच झालं की. अंगठ्याला आराम."

"हो," ती म्हणाली. "आराम."

त्या पंधरा माद्या वाढून तलंगा झाल्या आणि थंडीत अंड्यावर आल्या. पहिलं अंडं सासूला सापडलं. ती ते पदरात घेऊन आत आली आणि चुलीपाशी बसलेल्या सुनेपुढं धरलं. अंडं हिरवं होतं. निळं नाही, तपकिरीही नाही, नदीतल्या गोट्यावर शेवाळ धरतं तसं.

"माझ्या आभाळीचा रंग नासला," सासू म्हणाली. पण अंडं तिनं खाली ठेवलं नाही, हातात फिरवत राहिली.

पंधरा तलंगा, पंधराही हिरव्या. आणि पट्टेरी आयांसारख्याच कामसू, दिवसाआड तरी अंडं ठरलेलं. नाक्यावरच्या चहावाल्यानं ती अंडी काचेच्या बरणीत मांडली आणि गाव बघायला आलं. मग पिलांची मागणी सुरू झाली. चिमटीची पिलं म्हणजे मादीची खात्री, हिरव्या अंड्याची खात्री. शिंपीण आली, न्हावी आला, शाळेतला शिपाई आला. कुणालाच कोंबडे नको होते. चांदवाले मोठे होता होता आयांसारखे पट्टेरी व्हायचे; ते चिमटी तीन-चार महिने वाढवायची आणि अंग धरलं की खाटकाकडं पाठवायची.

पहिल्या खेपेची सगळी पिलं तिनं ठिपका बघून वर बोटांनीही तपासली होती. दुसऱ्या खेपेला पंधरा-वीस तपासली. तिसऱ्या खेपेपासून सोडून दिलं.

आणि पेटी भरायच्या नादात एक गोष्ट राहून गेली. कोंबडा सगळा काळ पट्टेऱ्यांत. सासूच्या तीन आभाळ्या अलीकडं म्हाताऱ्या होत होत्या. त्यांच्याखाली त्या वर्षी एकही पिल्लू निघालं नाही. सासू दोनदा म्हणाली, "माझी चार अंडी ठेव गं पेटीत." दोन्ही वेळा चिमटी म्हणाली, "पुढच्या खेपेला, आई."

पुढच्या उन्हाळ्यानं कहर केला. पत्रा असा तापायचा की वर टाकलेलं पोतं ओलं करून वळेपर्यंत वाळायचं. एका दुपारी आभाळ्या कोंबडा खुराड्याच्या सावलीत चोच वासून बसला होता. चिमटीनं त्याला पाण्यात बुडवला, ओल्या फडक्यात गुंडाळला, वारा घातला. त्याची मान तिच्या मनगटावर पडली ती पुन्हा उचलली नाही.

सासूनं त्याला स्वतः खड्डा काढून पुरला. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "संपलं."

"संपलं कसं, आई? त्याचे मुलगे आहेत की. एक चांदवाला मी ठेवलाय, चांगला थोराड झालाय."

"तो निम्मा त्याचा."

"त्याच्या बहिणी हिरवी अंडी देतात. बाप हिरव्यातला, आया हिरव्यातल्या, मग पिलं हिरवीच होणार ना?"

"मला काय विचारतेस? मी काही हॅचरीत नव्हते."

जुन्या पट्टेरी कोंबड्या सहाच्या तीन राहिल्या होत्या. त्यांनी पिसं झाडली होती आणि अंडी बंद केली होती. म्हणून चिमटीनं चांदवाला कोंबडा तरुण हिरव्या कोंबड्यांत सोडला आणि पेटी भरली. सत्तेचाळीस पिलं निघाली. काहींच्या डोक्यावर चांद, काहींच्या नाही. मोजली तर चोवीस बिनठिपक्याची, तेवीस चांदवाली. अगदी नेहमीसारखं निम्मं-निम्मं. तिनं बोट लावलं नाही. अंगठा त्या दिवसांत फार ठणकत होता.

चोवीस पिलं आठवड्याभरात गेली. आठ शिंपिणीनं नेली. तेवीस मागं राहिली.

विहिरी आटल्या होत्या, मोटारी बंद होत्या, त्यामुळं वायरमनच्या ओसरीत दुरुस्तीला काही येत नव्हतं. मक्याचा भरडा पिंपाच्या तळाला गेला होता आणि गिरणीवाला म्हणत होता, पाऊस झाल्याशिवाय दाणा येणार नाही. कोंबड्या शेण उकरून पोट भरत होत्या, अंडी कमी झाली होती. तेवीस कोंबडे चार महिने पोसायचे कशावर?

"काय करायचं ह्यांचं?" नवऱ्यानं विचारलं.

"बघते."

तो बाहेर गेल्यावर तिनं बादली अर्धी भरली. टोपली आणली. सासू परसात माठापाशी भांडी घासत होती, तिच्या पाठीमागून ती खुराड्याच्या आडोशाला गेली. पिलं उबदार होती. तिच्या मुठीत आली की शांत व्हायची, ही त्यांची एक सवय. ती एका वेळी तीन-तीन सोडत गेली आणि वरून ओलं पोतं दाबून धरत गेली. पोत्याखाली बारीक खळबळ व्हायची, मग थांबायची. हात कोपरापर्यंत भिजला. हॅचरीत पिंप भरलं की ते दुसरं कुणी न्यायचं, तिला फक्त डावीकडं टाकायचं असायचं. इथं डावी बाजू आणि मागचं दार दोन्ही तिचंच होतं. एवढं एकदा मनात आलं आणि तिनं ते ढकललं. काम लवकर उरकलं. खड्डा तिनं खोल काढला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

परत आली तेव्हा सासू भांडी पालथी घालत होती. तिनं सुनेकडं बघितलं नाही.

"हात धुऊन आत ये," एवढंच म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती फक्त वायरमनशी बोलली.

पाऊस आला, गेला. दाणा झाला. साडेतीन महिन्यांनी एका सकाळी शिंपीण रस्त्यानंच मोठ्यानं बोलत आली. तिच्या डोक्यावर झाकलेली टोपली होती. चहावाला आणि दोघं-तिघं तिच्या मागं मजा बघायला आले होते.

"चिमटे, बाहेर ये! तुझ्या तलंगा बघ काय करतात."

टोपली खाली ठेवली. झाकण उचललं तशी आतली एक उभी राहिली, मान ताणली आणि फाटक्या आवाजात आरवली. लोक खो खो हसले.

"अंडं द्यायला उशीर होतोय म्हणून गाणं शिकल्यात," शिंपीण म्हणाली. "आठातल्या पाच. पाच! शिलाई टाकून मी ह्यांच्यासाठी जाळी केली. खात्रीची म्हणाली होतीस ना?"

चिमटीनं एकेक उचलून बघितला. काळे, लालबुंद तुऱ्याचे, मानेवर चमक आलेले कोंबडे. बघायला बोटांची काय, चष्म्याचीही गरज नव्हती.

"ठेवून जा," ती म्हणाली. "बदलून देईन."

"कशानं? अजून पाच बांगवाल्यांनी?"

पुन्हा हसू झालं. एकोणीस वर्षांत तिच्या निवडीवर कुणी हसलं नव्हतं. ती म्हणाली, "चूक माझी आहे. बोलून घे."

शिंपिणीनं पाचही कोंबडे जाळीत सोडले. ती पुटपुटत रिकामी टोपली घेऊन निघाली. आठवड्यात न्हाव्यानं तीन आणले, शिपायानं चार. चोवीस 'माद्यां'पैकी बारा कोंबडे परत आले.

शेवटचे चार जाळीत सोडताना चिमटी मध्येच थांबली. बिनठिपक्याच्या चोवीसांत निम्मे नर निघाले. मग ठिपकेवाल्या तेवीसांत? ती तिथंच शिटेच्या मातीत बसली.

सासू दाणे टाकायला आली होती. तिच्या पायाशी एक पट्टेरी कोंबडी घुटमळत होती. तरुण, कोवळ्या तुऱ्याची. चिमटीनं ती बऱ्याचदा बघितली होती, पट्टेरींपैकीच कुठली तरी म्हणून लक्ष दिलं नव्हतं. पण त्या तीन तर म्हाताऱ्या होत्या.

"आई, ही कुठली?"

सासू दाणे टाकत राहिली. "त्या दिवशीच्या टोपलीतली. तू पाणी भरायला गेलीस तेव्हा दोन काढून घेतली. एक मांजरानं नेलं. ही राहिली."

"चांद होता हिला?"

"होता. डोक्यावर एवढा मोठा."

चिमटीनं कोंबडीला धरलं. मुठीत येताच ती शांत झाली. पोटाखालची दोन हाडं बोटांनी चाचपली, चांगली रुंद व्हायला लागली होती. महिना-दीड महिन्यात अंड्यावर येणार.

"मी बघितलंच नाही, आई," ती म्हणाली. "नुसता अंगठा लावायचा होता. कळलं असतं मला. मला तर कळतं."

सासूनं मूठ रिकामी केली, पदराला हात पुसला. तिला बोलायची ही संधी होती, सून ते ऐकून घ्यायला बसलीच होती. पण ती शेजारी खाली बसली, गुडघे कुरकुरले तशी "आई गं" म्हणाली, आणि म्हणाली, "त्यात माद्या होत्या म्हणून वाईट वाटतंय, की पिलं मारली म्हणून?"

चिमटीनं कोंबडी खाली सोडली आणि ती दाण्यांकडं जाईपर्यंत तिच्याकडं बघत राहिली.

त्या महिन्यात तिनं पेटी बंद ठेवली. वायरमननं एकदा विषय काढला. तो तारांचा माणूस, त्याला उलटं जोडलं तर उलटं फिरणार एवढं कळत होतं. ओसरीत त्यानं मक्याचे पांढरे आणि तांबडे दाणे मांडले. पट्टेरी आई पांढरी, काळा बाप तांबडा.

"पहिल्या वेळी पट्टे आईकडं होते, बापाकडं नव्हते. तेव्हा ठिपका फक्त पोरांना आला. दुसऱ्या वेळी आयांकडं पट्टे नव्हतेच, बापाकडं होते, तेही निम्मे. त्यानं ते पोरांना दिले, पोरींनाही दिले, मनाला येईल तसे."

"म्हणजे आईचे पट्टे मुलीला जातच नाहीत?"

"दिसतंय तर तसंच. आईचे फक्त मुलाला."

सासू पाय पसरून ऐकत होती. "मग माणसांसारखंच की," ती म्हणाली. "आईचं सगळं लेकाला. लेक आपली हात हलवत सासरी."

"तुम्ही नाही गेलात हात हलवत," चिमटी म्हणाली. "अंडी आणलीत."

सासू हसली, बऱ्याच दिवसांनी.

दाण्यांकडं बघता बघता चिमटी सरळ झाली. पट्टेरी आया अजून तीन होत्या, पिसं नवी येऊन पुन्हा अंड्यावर यायच्या बेतात. आणि आता चौथी, टोपलीतली. काळा, बिनपट्ट्याचा बाप हवा. असे बारा जाळीत उभे होते, गावानं हसून परत केलेले.

"पण अंडं?" वायरमन म्हणाला. "ह्यांचा बाप निम्माच आभाळ्या, कुणात हिरव्या अंड्याचं रक्त उतरलंय, कुणात नाही, कसं कळणार? त्याला बघून काय समजतंय?"

"त्याच्या मुली अंड्यावर येतील तेव्हा."

"सहा-सात महिने?"

"सहा-सात महिने."

बारातले चार तिनं ठेवले, तब्येत आणि चाल बघून. बाकीचे आठ खाटकाकडं गेले. त्याबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता, ते वाढले होते, उन्हात धूळ उडवून लोळले होते. चार कप्पे केले. एकेका कप्प्यात एक कोंबडा, एक पट्टेरी. अंड्यांवर कोळशानं खुणा केल्या, एक रेघ, दोन रेघा, तीन, चार. सासूच्या आभाळ्यांपैकी एकच आता उरली होती, तीही महिन्याकाठी एखादं अंडं द्यायची. तिसऱ्या कप्प्यातला कोंबडा चिमटी दर दोन दिवसांनी तिच्याकडं सोडायची. तिच्या पाच अंड्यांतलं एकच पिल्लू निघालं, काळं, आणि सासूनं ते स्वतःच्या उशाशी खोक्यात वाढवलं.

कप्प्यांतल्या पिलांच्या पायात निरनिराळ्या रंगाची दोरी बांधली. प्रत्येक पिल्लू चिमटीनं आधी ठिपका बघून आणि मग दाबून, उलगडून तपासलं. ठिपका खोटं बोलत नव्हता. तरी तिनं एकही सोडलं नाही. हाताचा वेग राहिला नव्हता. एका पिलाला पूर्वी सात पिलांना लागायचा तेवढा वेळ लागायचा. संध्याकाळी अंगठा ती गरम मिठाच्या पाण्यात बुडवून बसायची. नरही वाढत होते, माद्याही. पोटं दुप्पट झाली तसं वायरमननं बांधावर मका लावला आणि चिमटी रोज पहाटे पाला कापून आणायला लागली.

पुढचा उन्हाळा सरत आला तेव्हा तलंगा अंड्यावर आल्या. पहिल्या कप्प्याच्या मुलींनी तपकिरी अंडी दिली, सगळ्यांनी. दुसऱ्यातल्यांनी काही हिरवी, काही तपकिरी. चौथ्यातलीही तशीच. तिसऱ्या कप्प्यात हिरव्या दोरीच्या नऊ तलंगा होत्या. चिमटी रोज अंडी गोळा करून फळीवर ओळीनं मांडायची आणि वाट बघायची. आठ हिरवी झाली. नववीनं तीन आठवडे छळलं. तिनं अखेर कणगीमागं अंडं घातलं ते सासूलाच दिसलं.

"हिरवंच आहे," सासूनं तिथूनच सांगितलं. "ये, ये."

चिमटी धावत गेली नाही. हातातलं टोपलं खाली ठेवलं, हात धुतले आणि मग गेली.

तिसऱ्या कप्प्याचा कोंबडा तिनं चारही पट्टेऱ्यांत सोडला. बातमी फुटायला वेळ लागला नाही. पेटीतून नवी खेप निघाली त्या दिवशी शिंपीण दारात उभी होती, तोंडावर राग नव्हता, पण टोपली मागं लपवल्यासारखी धरली होती.

"माझ्या पाच राहिल्यात तुझ्याकडं. आठातल्या तीनच मिळाल्या होत्या."

"आठही नव्या देते. बस."

चिमटी दिव्याजवळ बसली. एकेक पिल्लू उचललं, उजेडात धरलं, अंगठ्यानं हळू दाबलं.

"अगं, डोकं बघ नि टाक," शिंपीण म्हणाली. "गावभर सगळ्यांना माहीत झालंय आता. चांद नसला की मादी."

"मला बघू दे."

आठ काळी पिलं टोपलीत गेली. मग तिनं दोन चांदवाली उचलली, तीही तशीच तपासली आणि त्यांच्यातच सोडली.

"हे कशाला?"

"आठांबरोबर दोन. सगळ्यांना तसंच देणार आहे आता. वाढव, मग खा, विक, तुझं तू बघ. पण चार महिने दाणा घालायचा."

"मला कोंबडे नकोत, चिमटे. मागच्या वेळी फुकटचे पाच झाले होते, गाव हसलं."

"गाव मला हसलं. तुला नाही."

"आणि नाही नेले तर?"

"तर आठही राहू दे."

शिंपीण सासूकडं वळली. "आजी, तुम्ही तरी सांगा हिला."

सासू उशाशी वाढवलेल्या काळ्या तलंगेला मांडीवर घेऊन बसली होती. "मी काही हॅचरीत नव्हते बाई," ती म्हणाली.

शिंपीण तोंड वाकडं करून उठली, टोपली तशीच ठेवून दारापर्यंत गेली. ही गेली तर न्हावी जाईल, शिपाई जाईल. पेटीत अजून पन्नास होती, निम्मी चांदवाली. तिनं हाक मारली नाही.

उंबऱ्यात शिंपीण थांबली. परत आली, टोपली उचलली, झाकणाच्या फटीतून आत डोकावली.

"भरडा बारीक लागतो का ह्यांना?"

"पहिला महिना बारीक. पाण्यात गोटे टाक, नाहीतर बुडतात."

शिंपीण गेली. चिमटीनं पेटीतून पुढचं पिल्लू काढलं, दिव्याखाली धरलं आणि अंगठा ठेवला.